चौथ्यांदा ब्रेक गेला तेव्हा

“सगळं बदललंय, चाचा. एकूण एक गोष्ट बदललीय. मग ब्रेक जातो कसा?”

हे विचारताना दिनकरराव शिर्क्यांनी गाडीचं दार घट्ट धरलं होतं. त्यांची पांढरी गाडी पार नाकापर्यंत मुरमाच्या ढिगात घुसली होती आणि पुढच्या चाकांतून धूर निघत होता.

दस्तगीर चाचा सावलीत गेले. त्यांनी मडक्यातून पाणी काढलं. आधी गाडीत बसलेल्या त्यांच्या पत्नीला, इंदुताईंना दिलं, मग दिनकररावांना.

मलाही हवं होतं, पण मी त्या गाडीकडेच बघत होतो. तो मुरमाचा ढीग रस्त्याच्या कामासाठी कालच कुणीतरी ओतून ठेवला होता. तो नसता तर गाडी सरळ पीराच्या अंगणात आली असती, आणि अंगणात मी बसलो होतो.

जागा सांगतो. गव्हाळीचा घाट उतरून संपतो, तिथल्या शेवटच्या वळणावर एका पीराचं ठाणं आहे. चार खांब, मागे एक भिंत, वर पत्रा, हिरवी चादर आणि दिवसरात्र जळणारा एक दिवा. चाचा तिथले मुजावर. त्याआधी तीस वर्षं ते एस. टी.च्या डेपोत फिटर होते. आजही घाटातून उतरणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ते तिचं दुखणं सांगतात, त्यामुळे ड्रायव्हर लोक पीराला नमस्कार करतात आणि सल्ला चाचांना विचारतात.

दिव्यात करंजाचं तेल असतं. आता करंजाचं तेल कोण जाळतं? पण चाचा घाटातल्या झाडांच्या शेंगा गोळा करून घाण्यावर नेतात आणि तेच वापरतात. कडवट, उग्र वास. एकदा नाकात गेला की संध्याकाळपर्यंत जात नाही. त्या दिव्यातलं तेल लोक बाटलीत भरून नेतात. कुणी गुडघ्याला लावतं, कुणी कमरेला.

मीही त्यासाठीच गेलो होतो. मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माझ्या गुडघ्याचा आहे.

चाचांनी नेहमीसारखी माझी बाटली भरली. बघितलंही नाही माझ्याकडे. तोंडातल्या तोंडात म्हणाले, “जिथं दुखणं आसंल तिथं घाला.” हे ते प्रत्येकाला म्हणतात.

तेवढ्यात वरच्या वळणावरून हॉर्न ऐकू आला. एकसारखा, न थांबणारा हॉर्न.

चाचांचा चेहराच बदलला. “ब्रेक गेला,” ते म्हणाले. आणि पुढच्या दहा सेकंदांत ते सगळं झालं.

“बोला ना चाचा! तुम्ही जन्मभर हेच केलंत. कसा जातो ब्रेक?”

“आधी बसा, सायेब.”

“बसत नाही मी. मेलो असतो आज. ही मेली असती.”

इंदुताईंच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्या गाडीतून उतरल्या, चपला काढल्या आणि सवयीनं पीराला हात जोडून खांबाशी उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं.

दिनकररावांना सगळा तालुका ओळखतो. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. याच घाटाच्या संरक्षक भिंती त्यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या आणि त्या अजून उभ्या आहेत, हे ते कुणालाही विसरू देत नाहीत. माणूस कामाचा पक्का. बोलणं मात्र असं, की समोरचा कायम आरोपीच्या पिंजऱ्यात. गाडी त्यांनी तरुणपणी घेतलेली, चौतीस वर्षांची. विकायचं नाव काढलं की डोक्यात राख घालून घेतात.

“कितव्यांदा गेला ह्यो?” चाचांनी विचारलं.

“चौथ्यांदा. होळीच्या सुमारास पहिल्यांदा गेला. तेव्हा मागच्या चाकात गळती होती. बाजारातल्या त्या मेकॅनिकनं, दत्तू पांचाळनं काढली.”

“दत्तू चांगला गडी हाय.”

“चांगला? ऐका तर! जूनमध्ये परत गेला. त्यानं किट बदललं, लायनर बदलले, मास्टर सिलिंडर बदलला. गणपतीच्या आधी परत गेला! पुन्हा सगळी रबरं नवी, होज पाइप नवे. आणि आज…”

त्यांनी गाडीकडे हात केला. धूर अजून थांबला नव्हता.

“पायडल कसं लागत हुतं? मऊ का घट?”

“सकाळी घट्ट. दगडासारखं. गाडी पुढं जायलाच कुरकुरत होती, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. आणि अर्ध्या घाटात एकदम… पाय खाली गेला. खाली म्हणजे पार तळाला. पायाखाली काही नाहीच.”

हे सांगताना त्यांनी पाय जमिनीवर दाबून धरला. पुन्हा एकदा ते त्या वळणावर जाऊन आले असावेत.

चाचांनी मान हलवली. “गाडीला हात कोन कोन लावतं?”

“मी आणि दत्तू. तिसरं कुणी नाही. चावी माझ्या खिशात असते.”

“तिसरं कुनीच न्हाई?”

“सकाळी ही पुसते तेवढंच. ते काय हात लावणं झालं?”

इंदुताई खाली बघत होत्या.

“म्हणजे राहिला कोण? दत्तू! मुद्दाम अर्धवट काम करतो. गाडी परत परत यावी म्हणून. गणपतीच्या आधी मी त्याला भर बाजारात मुस्काटात दिली होती. सगळ्यांसमोर. तरी सुधारला नाही.”

चाचा थबकले. “दत्तूला मारलं तुमी?”

“मग काय पूजा करायची?”

“काय म्हनला त्यो?”

“काय म्हणणार? खाली मान घालून उभा राहिला. एक अक्षर बोलला नाही. चोरच तो! खरा असता तर बोलला असता.”

मला ती गोष्ट ठाऊक होती. त्या दिवशी मी बाजारात नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांच्या तोंडी तेच होतं. दत्तूचा मुलगा आठवडाभर वर्गात आला नव्हता.

दिनकररावांनी खिशातून मोबाइल काढला. “आता मात्र सोडत नाही. फौजदार माझ्या ओळखीचे आहेत. जीव घ्यायचा प्रयत्न केला म्हणून आत टाकतो त्याला.”

त्यांनी फोन लावला आणि ब्रेकची, मेकॅनिकची तक्रार सांगितली. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. “साहेब कामात आहेत, पाच मिनिटांत फोन करतात,” ते आम्हाला म्हणाले. जसं काही आम्हीच वाट बघत होतो.

“पाच मिंटं हाईत न्हवं?” चाचा म्हणाले. “तवर बॉनेट उघडा.”

“उघडून काय दिसणार? सगळं नवं आहे आत.”

“उघडा तर खरं.”

बॉनेट वाकलं होतं. दोघांनी मिळून वर केलं. चाचांनी आधी काही हात लावला नाही. दोन्ही हात मागे बांधून, वाकून नुसतं बघितलं. मग ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. ते सहज निघेना. जोर लावला तेव्हा निघालं.

झाकणाच्या आत एक काळं रबर असतं, चकतीसारखं. ते झाकणाबाहेर आलं होतं. पुरी फुगावी तसं फुगलं होतं.

चाचांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. मी त्यांना ओळखतो त्याला पंधरा वर्षं झाली. अपघात बघितलेत त्यांनी, माणसं दरीतून वर काढलीत. असा आवाज मी ऐकला नव्हता.

“काय झालं?” दिनकरराव म्हणाले.

“नवं हाय म्हनलासा न्हवं ह्ये?”

“तीन महिन्यांपूर्वी घातलंय. नवं कोरं.”

“ह्ये बगा काय झालंय त्येचं. आतली समदी रबरं आशीच फुगली आसनार. फुगली की आडकत्यात. ब्रेक धरतोय, पर सोडत न्हाई. मंग चाकं तापत्यात, तापता तापता…” त्यांनी हात खाली सोडून दिला.

“पण रबर फुगेल कशानं?”

“दुसरं तेल प्यालं की फुगतंय. ह्या डबीत ब्रेकचंच ऑइल पायजे. दुसरा एक थेंब चालत न्हाई.”

“बघा! मी काय म्हणत होतो? दत्तूनंच दुसरं तेल घातलं!”

चाचांनी डबीत बोट बुडवलं. वर एक थर तरंगत होता, वेगळाच, पिवळट. ते बोट त्यांनी अंगठ्यावर घासलं आणि नाकाशी नेलं.

आणि तसेच उभे राहिले.

वारा नव्हता. घाटात वर कुठंतरी ट्रक गिअर बदलत होता, तेवढाच आवाज.

“चाचा?” मी म्हणालो.

ते माझ्याकडे आले. काही न बोलता त्यांनी ते बोट माझ्या नाकाखाली धरलं.

कडवट. उग्र. माझ्या हातातल्या बाटलीला तोच वास होता. मी बाटलीकडे बघितलं, मग दिव्याकडे. खरं सांगतो, मघाशी गाडी अंगावर येताना मी जेवढा हबकलो नव्हतो तेवढा तेव्हा हबकलो.

“काय आहे? मला सांगा ना!” दिनकरराव ओरडले.

चाचा मटकन ओट्यावर बसले. “तेल माझं हाय, सायेब.”

“म्हणजे?”

“पीराच्या दिव्यातलं. करंजाचं. आनी कुटं मिळत न्हाई ह्ये.”

दिनकररावांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू लाल झालं. “म्हणजे दत्तू इथून तेल नेतो? आणि माझ्या गाडीत ओततो? पीराचं नाव घेऊन माझ्यावर करणी…”

“मी.”

आवाज इतका बारीक होता की कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही.

“मी घालते,” इंदुताई म्हणाल्या.

…

चाचांनी डोळे मिटून घेतले.

“काय?” दिनकरराव म्हणाले.

“दर गुरुवारी. तुम्ही आंघोळीला गेलात की. पुसायला चावी देऊन जाता ना… एक चमचा घालते.”

“तू?”

“पहिल्यांदा ब्रेक गेला ना, होळीच्या वेळी, त्या रात्रीपासून माझी झोपच गेली. तुम्ही गाडी घेऊन बाहेर पडलात की परत येईपर्यंत मी दारात. विकूया म्हटलं तर तुम्ही ऐकून घेत नाही. मग इथं आले. तुम्ही तिकडे गाडीतच बसून होतात, इंजिन चालू ठेवून. मी चाचांना म्हटलं, तेल द्या. चाचा म्हणाले…”

त्या थांबल्या.

“म्या काय म्हनलो ते म्या सांगतो,” चाचा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. “जिथं दुखणं आसंल तिथं घाला.”

“दुखणं ब्रेकलाच होतं,” इंदुताई म्हणाल्या. “दत्तू तुम्हाला डबी दाखवत होता तेव्हा मी चहा घेऊन आले होते. तो म्हणाला, यातलं ऑइल कमी होऊ द्यायचं नाही. मी लक्षात ठेवलं.”

एवढं सरळ होतं ते. चमचाभर तेल, हात जोडून, नवरा सुखरूप परत यावा म्हणून. आणि त्या चमच्यानं त्याला तीन वेळा मरणाच्या दारात नेऊन उभं केलं.

“आनी ब्रेक परत गेला, तवा?” चाचांनी विचारलं.

“तेव्हा दोन चमचे घालायला लागले.”

“या अल्ला…”

“आज सकाळी चार घातले. घाट उतरायचा होता ना.”

चाचांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. “चार वर्सं झाली मला बाटल्या भरून देतोय. कुनाचं काय दुखतंय, एकदाबी इचारलं न्हाई. एकदाबी न्हाई…”

मला वाटलं, आता निदान एक गोष्ट संपली. दत्तू सुटला. पण इंदुताईंचं बोलणं संपलं नव्हतं.

“दत्तूला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत होतं?” दिनकरराव गुरकावले.

“तिसऱ्या वेळी त्यानं डबीचा वास घेतला. मग तुम्ही देशमुखांकडे गेला होतात तेव्हा मागच्या दारानं आला. म्हणाला, ताई, त्यात हे तेल घालू नका, यानंच ब्रेक जातोय. मी साहेबांना काही सांगत नाही, त्यांचा राग मला ठाऊक आहे, सगळं धुऊन नवं घालून देतो, फक्त परत घालू नका.”

“आणि तू?”

“मला पटलं नाही. पीराचं तेल वाईट कसं करेल? मला वाटलं, हा आपली चूक झाकतोय आणि माझ्या माथी मारतोय…”

“आणि बाजारात? मी त्याला मारलं तेव्हा तू गाडीत होतीस!”

“होते.”

“मग?”

“तुम्ही मारलंत. त्याचा हात गालावर गेला. आणि त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं.” त्या खांबाला टेकल्या. “माझ्याकडे बघितलं हो त्यानं. मला वाटलं, आता हा माझं नाव घेणार. आता घेईल, मग घेईल… त्यानं मान खाली घातली. आणि मी काच वर केली.”

मग त्या रडायला लागल्या. आवाज न करता. पदराचं टोक तोंडात धरून.

एवढ्या बाजारात, पोराच्या देखत, मार खाऊन तो माणूस गप्प राहिला होता. त्याच्या हातात एक वाक्य होतं. ते एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता.

दिनकररावांना आधी काही कळलंच नसावं. ते गाडीकडे बघत होते, मग डबीकडे, मग त्या फुगलेल्या रबराकडे. मग त्यांची नजर फिरत फिरत इंदुताईंवर आली आणि तिथं थांबली. मानेवरची शीर टरारून फुगली.

“म्हणजे तू…” ते म्हणाले आणि दोन पावलं पुढे आले. “घरात बसून… माझ्या गाडीत… मला न विचारता…”

त्यांचा उजवा हात वर गेला.

त्या हाताला काय करायचं होतं कुणास ठाऊक. कदाचित नुसतं बोट दाखवायचं असेल. पण इंदुताईंनी विचार केला नाही. त्यांचं कोपर झटकन वर आलं, चेहरा त्याच्या आड गेला, खांदे कानांपर्यंत चढले आणि त्या खांबामागे सरकल्या. इतक्या सराईतपणे. साठीची बाई. टेंगूळ आलेलं कपाळ भिंतीकडे वळवून उभी.

चाचांनी तोंडावरचे हात काढले.

दिनकररावांचा हात हवेतच राहिला. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही बघितलं होतं, हे त्यांना कळलं. हात हळूहळू खाली आला.

मोबाइल वाजला.

बटण कुठलं दाबलं गेलं कोण जाणे, आवाज मोठ्यानं बाहेर आला. “हां, बोला शिर्केसाहेब! ब्रेक गेला म्हणे तुमच्या गाडीचा? नाव सांगा त्या मेकॅनिकचं. आत्ता माणूस पाठवतो आणि उचलून आणतो.”

दिनकरराव फोनकडे बघत राहिले.

“हॅलो? दत्तू पांचाळच ना तो, बाजारपेठेतला?”

इंदुताईंनी कोपर खाली घेतलं. त्या भिंतीकडेच तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांचं सगळं अंग ऐकत होतं. एक हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दत्तू कोठडीत गेला असता, घरातली गोष्ट घरात राहिली असती आणि ओव्हरसियरसाहेबांचा शब्द खरा ठरला असता. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. मनात मी त्यांना शिव्या घालून मोकळासुद्धा झालो होतो.

“हॅलो? साहेब?”

“नाही,” दिनकरराव म्हणाले. “त्याचं नाही… त्याची काही चूक नाही. दत्तूची नाही. तक्रार नाही माझी.”

“अहो पण मघाशी तुम्हीच…”

“तक्रार नाही म्हटलं ना!”

फोन बंद झाला.

इंदुताईंनी भिंतीला टेकून डोळे पुसले. पण वळल्या नाहीत.

दिनकरराव ओट्याच्या कडेला बसले, चाचांच्या शेजारी. एवढा उंच माणूस, पण बसताना निम्मा झाला. बराच वेळ ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. बुटांवर मुरूम होता.

“चाचा…”

“बोला.”

“एक गोष्ट समजत नाही मला.”

“काय?”

“त्याला माहीत होतं. मी हात उचलला तेव्हाच तो सांगू शकत होता. ‘साहेब, तुमच्या बायकोला विचारा.’ बस, एवढंच. मी थांबलो असतो.”

चाचांनी तेलकट बोटं एकमेकांवर घासली.

“त्याची चूक नव्हती. सगळा बाजार बघत होता. पोरगा उभा होता त्याचा. मार खाल्ला, इज्जत गेली, गिऱ्हाईकं तुटली… आणि तरी नाही बोलला.”

चाचा दिव्याकडे बघत होते. त्यातलं तेल आता अगदी तळाला आलं होतं. ते उठले नाहीत.

“माझी ही त्याची कोण लागते? चहा द्यायची, एवढंच. नात्याची ना गोत्याची. मग तिचं नाव त्यानं का नाही घेतलं? का नाही बोलला तो, चाचा?”

…

“सांगा ना. तुम्ही ओळखता त्याला. का नाही बोलला?”

चाचा उठले. त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. आणि काही कळायच्या आत त्यांचा तो फिटरचा, हाडापेराचा, तेलानं माखलेला हात ताडकन वर गेला.

दिनकररावांची मान खांद्यांत गेली. कोपर चेहऱ्यापुढे आलं, मघाशी इंदुताईंचं आलं होतं तसंच. डोळे गच्च मिटले.

मी ओरडलो असेन. इंदुताई वळल्या.

हात वरच होता. चाचा त्याला खाली आणत नव्हते आणि मारतही नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं,

“डोळं का मिटलं, सायेब?”